घरात माणूस आजारी असताना हसलं की अपराधी वाटतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की आई दीड वर्ष आजारी आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलात, तिथे पोट धरून हसलात आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडलात. आणि शेवटी विचारलंय की अशा दिवसांत आनंद, मैत्री वगैरे शक्य असतं का. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. माझे मिस्टर 2018 पासून डायलिसिसवर आहेत, म्हणजे किडन्या बंद, रक्त मशीनने साफ करायचं, आठवड्यातून तीनदा, मंगळ-गुरू-शनी, प्रत्येक वेळी चार तास. आम्ही कोल्हापूरचे. तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

पहिलं वर्ष मी पण तुमच्यासारखीच होते. एकदा त्यांना मशीनला लावून बाहेर पडले, रंकाळ्यावर जाऊन एकटीने भेळ खाल्ली, आणि अशी खाल्ली की जणू चोरीच करतेय. कारण त्यांना मीठ बंद, टोमॅटो बंद, पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर, त्यातच चहा पण धरायचा. आणि ही बया चौपाटीवर भेळ खातेय. परत आले तर तोंडाला कांद्याचा वास येईल म्हणून बडीशेप चघळत बसले होते, आता आठवलं की मलाच हसू येतं.

जुन्या मैत्रिणी गळाल्या. त्यांचा दोष नाही, पण 'काही लागलं तर सांग हं' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थच संपला, कारण असं कोण सांगतं हो कुणाला? एकीने काढा पाठवला, किडनी परत चालू होते म्हणे, तिच्याशी मी भांडले आणि ते भांडण आजही मिटलेलं नाही. आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं घेऊन यायचा!! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनी बंद असलेल्या माणसाला ते बाहेर टाकता येत नाही, हृदयावर येतं. पण आजारी माणसाला शहाळं हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की मी समजावणं सोडलं, सगळी शहाळी मीच प्यायचे. माझ्या मैत्रिणींतली एकच टिकली, ती कधी काही विचारायची नाही, थेट फोन करायची, 'पिठलं केलंय, मीठ घातलेलं नाही, पोराला डबा घेऊन पाठवते.' बस.

खरी मैत्री झाली ती डायलिसिस युनिटच्या बाहेरच्या बाकावर. तुमच्या आधी तिथे बसलेली माणसं असतातच, फक्त आपण मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेलो असतो. आमच्या शिफ्टला शिरोळ तालुक्यातल्या एक आपा होत्या, त्यांचे मिस्टर आमच्या ह्यांच्या शेजारच्या बेडवर. वर्षभर आमचं बोलणं किती, तर 'आज वजन किती वाढलं?' एवढंच. दोन डायलिसिसच्या मधे लघवी होत नाही त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात साठतं, ते किलोत मोजतात, तर आमची ओळख त्या किलोंवर.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर आला. मंगळवारी आपा आणि त्यांचे मिस्टर डायलिसिसला आले आणि परत जायला रस्ताच राहिला नाही, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गावाकडचे रस्ते आधीच गेलेले. बाकावर बसून त्या फोन लावत होत्या आणि लागत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, चला आमच्याकडे. घर दोन खोल्यांचं. आठ दिवस राहिले.

आता चित्र बघा. बाहेर सगळं कोल्हापूर पाण्यात, नळाला मात्र थेंब नाही, टँकरपुढे घागरी घेऊन रांगा, आणि घरात दोन पुरुष, दोघांना पाणी मोजून, फुलपात्राने, डॉक्टरांच्या भाषेत फ्लुइड रिस्ट्रिक्शन. युनिट उंचावर होतं म्हणून चालू राहिलं, पण एका पेशंटच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, ते आज मिळणार का हीच रोज धाकधूक. तिसऱ्या रात्री लाईट गेली, पाऊस कोसळतोय, आणि अंधारात आपांचे मिस्टर एकदम म्हणाले, 'वहिनी, पंचगंगेला पण जरा फ्लुइड रिस्ट्रिक्शन सांगा की.' आम्ही चौघं इतके हसलो की वरच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून टॉर्च घेऊन खाली आल्या. त्या बघायला लागल्या तशा, म्हणजे ह्या घरात दोन-दोन पेशंट आणि हे खिदळतायत काय! मला त्या क्षणी पहिल्यांदा अपराधी वाटलं नाही. का ते विचारू नका, बहुतेक पेशंटच आधी हसले म्हणून.

त्याच आठवड्यात सोमवारी बकरी ईद होती. मटण कुठलं आणि दूध कुठलं, शहरात दूधच मिळत नव्हतं. आपांनी तुपावर शेवया भाजून साखरपाण्यात शिजवल्या, दोघा पेशंटांना दोन-दोन चमचे आणि उरलेल्या आम्ही दोघींनी पातेलं खरवडून.

पूर ओसरल्यावर बाकाचं रूपच बदललं. आपा, मी, आणि एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका ज्यांची बायको आत असायची, आणि भावाला घेऊन येणारा एक कॉलेजचा पोरगा. चार माणसं झाली म्हटल्यावर मेंढीकोट, चौघांचा पत्त्यांचा डाव, चारही दहिल्या जिंकल्या की कोट. काका पत्ते शर्टाच्या खिशात घेऊन यायचे आणि दहिली गेली की तिकीट न काढता चढलेला प्रवासी सापडल्यासारखा चेहरा करायचे. वॉचमन ओरडायचा, मग तोच मागे उभा राहून काकांना 'हुकूम टाका हुकूम' सांगायचा.

हे सगळं गोडच होतं असं समजू नका. ह्यांना नर्सकडून कळलं तेव्हा घरी येताना रिक्षात म्हणाले, 'तुझं बरं आहे, मी आत सुया टोचून घेतो, तू बाहेर पत्ते खेळ.' दोन दिवस बोलले नाहीत. मी पण बोलले नाही, कारण मला राग आला होता, खरंच आला होता, सात वर्षांची पोर, नोकरी, ह्यांचं पथ्य, सगळं करून मला मिळणारे मोकळे तास म्हणजे हेच चार, दुसरे नाहीतच. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बाकावर नुसती बसून राहिले, खेळले नाही. बाहेर आल्यावर हे विचारतात, 'आज कोण जिंकलं?' मी म्हटलं खेळलोच नाही. तर चिडले! कारण आत आपांच्या मिस्टरांबरोबर ह्यांची पैज लागलेली, कुणाची बायको कोट देणार. तेव्हापासून मी आत जाऊन स्कोअर सांगायला लागले. त्यांनाही चार तास छताकडे बघण्यापेक्षा काहीतरी ऐकायला हवं होतं, ते मला कळायला वर्ष लागलं. तुम्ही पण वाढदिवसाला काय झालं ते आईला सांगून बघा ना, केक कसा होता, कोण काय बोललं, सगळं. लपवून ठेवलं की ती चोरी होते. आणि त्या चिडल्या तर चिडू देत, आजारी माणसाला चिडायचा पण हक्क आहे.

काही दिवस तरीही काहीच गोड लागत नाही, ह्यांच्या पायात गोळे येतात, बीपी खाली जातो, मशीन ओरडायला लागतं, तेव्हा पत्ते तसेच पडतात आणि चौघं दाराकडे बघत उभे राहतो. ट्रान्सप्लांटसाठी पुण्याच्या यादीत नाव आहे, मला शुगर निघाल्यामुळे माझी किडनी चालली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

2021 च्या फेब्रुवारीत आपांचे मिस्टर गेले. घरीच, झोपेत. आपा इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचं, चार महिने दहा दिवस. आम्ही फोनवर बोलायचो पण काय बोलणार. बाकावर तिघंच, तिघांत मेंढीकोट होत नाही, आणि चौथा माणूस शोधायचं कुणी नावच काढलं नाही. काकांनी पत्ते आणायचे बंद केले.

जुलैत एका गुरुवारी दुपारी आपा आल्या. त्यांचं आता युनिटमध्ये काहीच काम नव्हतं, दोन बस बदलून आल्या होत्या, हातात डबा. मला वाटलं रडतील, मीच रडले. त्या बाकावर आपल्या जागी बसल्या आणि काकांना म्हणाल्या, 'पत्ते कुठायत?' काका पत्ते आणायला पळत बाहेरच्या टपरीवर. आपा अजूनही महिन्यातून एक गुरुवार येतात, अजूनही खोटं खेळतात, हातात उतारीचं पान असून हुकमाने कापतात.

अजून लिहिलं असतं पण उद्या आमची शिफ्ट सकाळची आहे, बटाटा चिरून पाण्यात भिजत घालायचाय, पाणी दोनदा बदलल्याशिवाय ह्यांना चालत नाही. आईचं काय ते कळवा, आणि बोलावंसं वाटलं तर इथेच लिहा, गुरुवारी दुपारी मी मोकळी असते.