पुठ्ठ्याचा बगळा रात्रीत आडवा होतो

प्रश्न: ताई, आर्ट क्लासला जायला लागून दीड महिना झाला, सध्या पुठ्ठ्याचं शिल्प चालू आहे. मी दोन फुटी बगळा करतेय. संध्याकाळी मस्त उभा असतो आणि सकाळी बघावं तर पाय मुडपून आडवा. गमचे थरावर थर दिले तरी तेच, आणि मान वळवायला गेले की वेडीवाकडी घडी पडते. सर म्हणतात गम ठेव बाजूला, आधी पुठ्ठा बघ. काय बघू? घरचे तर म्हणतात हे शाळेतलं क्राफ्ट आहे, सोड.

उत्तर: अगं सोडू नकोस. सर बरोबर सांगतायत. खोक्याच्या पुठ्ठ्याची कापलेली कड डोळ्याजवळ धर, दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद दिसेल, त्याच्या बारीक नळ्या झालेल्या असतात आणि पुठ्ठ्याची सगळी ताकद तिथे आहे. नळ्या उभ्या असल्या की वजन पेलतात, आडव्या असल्या की पुठ्ठा तिथेच दुमडतो. तू बहुतेक खोक्यावर जागा मिळेल तसे पाय आखलेस. त्यात पांढऱ्या गममधे पाणी असतं, जाड थर दिलास की पुठ्ठा ओला होऊन मऊ पडतो, म्हणून रात्रीत बसतो तो. पायाच्या लांबीत नळ्या येतील अशा तीन-चार पट्ट्या काप, अगदी पातळ गम लावून एकावर एक चिकटव आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेव. पाय खाली नुसते चिकटवू नकोस, बेसला पायाच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद खाच पाडून त्यात घट्ट बसव.

मानेला मात्र बरोब्बर उलटं. तिथे नळ्या आडव्या हव्यात, म्हणजे पट्टी नळी-नळीला थोडी थोडी वळते. तरी अडली तर एका बाजूचा कागद किंचित ओला करून सोलून काढ, आतल्या लाटा उघड्या पडतात आणि मान अलगद वळते, आणि त्या लाटा मला तर पिसांसारख्या दिसतात, रंगाने झाकू नकोस बाई.

आणि घरच्यांना सांग, पिकासोने 1912 मधे पुठ्ठा, दोरा, तार घेऊन गिटार केली होती, ती आज न्यूयॉर्कच्या म्युझियममधे आहे.

कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नळ्यांच्या दिशेने पेन्सिलने बाण काढ. मी अजूनही काढते.