आणखी दोन म्हशी घ्याव्यात का?

प्रश्न : राधानगरी तालुक्यात आमची तीस गुंठे जमीन आहे. सगळा ऊस. बिल आलं की सोसायटीच्या कर्जात वळतं होतं. दावणीला एक म्हैस आहे. मालक म्हणतात, सावकाराकडून पैसे उचलून आणखी दोन घेऊ. घ्याव्यात का?

उत्तर : ताई, दोन नको, एकच घ्या, आणि सावकाराच्या पैशातून तर मुळीच नको. त्याचं व्याज महिन्याला शेकडा पाच धरलं तरी वर्षाला साठ टक्के झाले. एवढं व्याज कुठली म्हैस फेडणार? जनावरासाठी बँकेचं मुदत कर्ज बघा. पेंड-औषधाला पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड मिळतं.

त्याआधी वैरणीचा हिशेब मांडा. एका म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओली वैरण लागते. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं ते गळीत हंगामापुरतं. शिवाय नुसत्या वाड्यावर जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, तेव्हा खनिज मिश्रण द्याच. दोन-तीन गुंठे संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला काढा. ऊस तेवढा कमी होईल, होऊ दे. मालक कुरकुरतील.

पहिली आटायच्या सुमाराला दुसरी व्यालेली असेल असा मेळ घाला, म्हणजे दर दहा दिवसांचं दुधाचं बिल खंडत नाही. उसाची आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टची, लागण असेल तर मधल्या काळात हाताशी काही यावं म्हणून सरीत भुईमूग किंवा सोयाबीन टाका.

म्हैस घेताना दोन्ही वेळची धार समोर काढायला लावा. बाजारात तटतटलेली कास पुष्कळदा आदल्या वेळचं दूध तुंबवलेली असते.