रनटाइमशिवाय अ‍ॅडा: आधी लास्ट चान्स हँडलर उघडून बघा

कॉर्टेक्स-एम (छोट्या उपकरणांतला एआरएम प्रोसेसर) बोर्डवर रनटाइमशिवाय, म्हणजे भाषेची नेहमीची सपोर्ट लायब्ररी न घेता, अ‍ॅडा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड नीट लिंक होतो पण चालता चालता हार्डफॉल्ट (प्रोसेसरला अडकवणारी गंभीर चूक) येतो, तोही दर वेळी भलत्याच फंक्शनमध्ये, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि लगेच ओळखलं, याच दुखण्याने मलाही पिडलंय. टूलचेन, लिंकर स्क्रिप्ट तुम्ही केलेलंच दिसतंय, ते सोडून देतो.

एक्सेप्शन प्रोपगेशन (चूक वरच्या फंक्शनकडे पोचवणं) बंद असलं की अ‍ॅरेचा इंडेक्स बाहेर गेल्यावर कंपायलर सरळ लास्ट चान्स हँडलरला, म्हणजे चूक झाल्यावर शेवटी चालणाऱ्या फंक्शनला, कॉल करतो आणि तिथून कोणी परत येणारच नाही असं धरून चालतो, त्यामुळे त्या कॉलनंतर कोडच नसतो. डिसअसेम्ब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) काढा, बीएल या कॉल करणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या खाली बऱ्याचदा थेट लिटरल पूल (कोडमध्येच ठेवलेला स्थिर डेटा) नाहीतर पुढचं फंक्शन दिसेल. आमच्या बोर्डसोबत आलेल्या सॅम्पलमध्ये हा हँडलर सी मध्ये होता, आत काही नाही, नुसता रिटर्न!! मग प्रोसेसर डेटालाच इन्स्ट्रक्शन समजून पळवत सुटतो. बोर्डवाल्यांच्या सपोर्टला डिसअसेम्ब्लीसकट कळवलं तर उत्तर काय, अ‍ॅडा आमच्या यादीत नाही, तिकीट बंद. अरे पण हँडलर तुमच्याच सॅम्पलमधला ना? परत मागे लागलो तर म्हणे इंडेक्स वगैरे तपासणारे चेक बंद करायचा कंपायलर फ्लॅग लावा. माझं ऐकाल तर तो अजिबात लावू नका, फॉल्ट कदाचित दिसेनासा होईल पण कोड शेजारच्या मेमरीत गुपचूप लिहीत बसेल.

हँडलरमध्ये अनंत लूप टाका आणि तिथे ब्रेकपॉइंट लावा. त्याला दोन पॅरामीटर येतात, फाईलच्या नावाचा अ‍ॅड्रेस आणि ओळ नंबर, म्हणजे चूक कुठेय ते आयतंच कळतं.

आणि नोस्टडलिब (स्टँडर्ड लायब्ररी जोडू नको सांगणारा पर्याय) फक्त लिंकरला कळतं हो. रनटाइममध्ये काय आहे नि काय नाही हे कंपायलर सिस्टिम पॅकेजच्या स्पेकवरून आणि रिस्ट्रिक्शन्स प्राग्मावरून (कोडमधली कंपायलरला बंदी सांगणारी सूचना) ठरवतो, म्हणून लाइट, म्हणजे कमीत कमी भागांचा, रनटाइम घेऊन कंपायलरच्या आरटीएस स्विचने द्या. सेकंडरी स्टॅकवर (आधी आकार माहीत नसलेली उत्तरं परत करायची वेगळी जागा) बंदी घातली की स्ट्रिंग परत करणारी फंक्शन्स कंपाइललाच अडतात, लिंकरच्या शिव्या खाण्यापेक्षा ते बरं. मेन सी मध्ये असेल तर अ‍ॅडाइनिट (अ‍ॅडाच्या भागाची सुरुवातीची तयारी करणारं फंक्शन) कॉल करायला विसरू नका.

(हे सगळं नॅट या अ‍ॅडा कंपायलरपुरतं, दुसऱ्या कंपायलरचं मला विचारू नका.)

जाता जाता, मेमकॉपी (मेमरीचा तुकडा कॉपी करणारं फंक्शन) स्वतः लिहिणार असाल तर ऑप्टिमायझर तुमच्या लूपचा परत मेमकॉपीलाच कॉल करून ठेवू शकतो, मग ते स्वतःलाच बोलवत बसतं आणि स्टॅक संपतो. त्या एका फाईलपुरतं लूप डिस्ट्रिब्यूट पॅटर्न्सवालं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा.