उद्यम आहे, मग ईएमडी माफ का नाही?

प्रश्न होता: रबाळ्यात कंट्रोल पॅनलचा छोटा कारखाना आहे, सरकारी टेंडरसाठी कोणती सर्टिफिकेट काढू? एजंट सगळं मिळून १८,००० मागतोय.

त्या १८,००० मधून उद्यमचे पैसे आधी वजा करायला लावा. उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आणि सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. आधार, पॅन, जीएसटी नंबर आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, बस. कागद अपलोड करायची भानगडच नाही. पण फॉर्ममध्ये काय भरलं जातं, तिथे सगळी गोम आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका पॅनलवाल्यांची फाइल माझ्या टेबलावर आली ती टेंडर गेल्यावर. केंद्रीय उपक्रमाचं काम, अंदाजे ४० लाखांचं, ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, २ टक्के म्हणजे ८०,०००. त्यांनी ईएमडीच्या जागी उद्यमचं सर्टिफिकेट जोडलं आणि टेक्निकल छाननीतच बाद झाले. 'सेटिंग असणार' असं त्यांचं म्हणणं. सर्टिफिकेट उघडलं तर वर मेजर अॅक्टिव्हिटी: ट्रेडिंग. खाली एनआयसी कोडच्या, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी आकड्यांच्या, तक्त्यात एकच ओळ, ४६ ने सुरू होणारी. शेडमध्ये बेंडिंग मशीन, आठ वायरमन, आणि कागदावर घाऊक व्यापारी! एजंटने यादीत जे आधी सापडलं त्यावर टिचकी मारली होती.

जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण त्याचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. ईएमडी माफी नाही, किमतीत प्राधान्य नाही. आमच्या भागातले दोन सीए अजून 'उद्यम म्हणजे उद्यम' म्हणून माझ्याशी वाद घालतात. ४५, ४६, ४७ ने सुरू होणारा कोड म्हणजे व्यापार, एवढं त्यांनी एकदा एनआयसीच्या यादीत बघावं.

तुमच्या पॅनलला २७१० गटातला कोड लागेल आणि मेजर अॅक्टिव्हिटी मॅन्युफॅक्चरिंग हवी. जीएसटी नोंदणीतही व्यवसायाच्या प्रकारात फॅक्टरीवर टिक असू द्या. दोन कागदांत दोन गोष्टी दिसल्या की खुलासा मागतात. आधीच चुकीचं भरलं असेल तर पोर्टलवरच अपडेट करता येतं, तेही फुकट.

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्राच्या पोर्टलवर, बिडचा कागद उघडलात की पहिल्याच तक्त्यात अनुभव आणि टर्नओव्हरच्या अटीतून एमएसईला (सूक्ष्म आणि लघु उद्योगांना) सूट आहे का, ते येस किंवा नो असं लिहिलेलं असतं. नो असेल तर तीन वर्षांचा टर्नओव्हर नसताना रात्र जागवू नका. किमतीत प्राधान्य मिळालं तर तुमचा दर एल-वनच्या (सगळ्यात कमी दर देणाऱ्याच्या) वर १५ टक्क्यांच्या आत असताना एल-वनचा दर मान्य करून कामाचा काही हिस्सा घेता येतो. केंद्राच्या धोरणात वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा आहे. मध्यम उद्योग त्यात नाहीत. आणि हे प्राधान्य वस्तू स्वतः बनवणाऱ्याला. दुसऱ्याचा माल पुढे ढकलणाऱ्याला नाही.

बाकीच्या कागदांत डिजिटल सिग्नेचर क्लास थ्री घ्या, सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीची. टर्नओव्हरचा दाखला सीएकडून, यूडीआयएनसह (दाखला खरा आहे का ते ऑनलाइन तपासता येणारा नंबर). आयएसओ फक्त टेंडरमध्ये मागितलं असेल तर, आणि तेही एनएबीसीबीची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या संस्थेचंच. तीन-चार हजारांत दोन दिवसांत मिळणारं फ्रेम करून भिंतीवर लावायच्या लायकीचं. एनएसआयसीची (केंद्राचं लघुउद्योग महामंडळ) सिंगल पॉइंट नोंदणी, म्हणजे सरकारी खरेदीसाठीची वेगळी नोंदणी, एजंट गळ्यात मारतात. ईएमडी माफीसाठी उद्यम पुरतं, त्यामुळे टेंडरमध्ये मागितल्याशिवाय तिच्या नादी लागू नका.

दोन गोष्टी राहिल्या. माफी ईएमडीची आहे. काम मिळाल्यावर परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट करण्याच्या हमीची रक्कम, भरावीच लागते, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. आणि वर लिहिलेलं धोरण केंद्राची खाती आणि केंद्रीय उपक्रम यांच्यासाठी आहे, तेही मालाच्या आणि सेवेच्या खरेदीला. बांधकामाच्या कामांना नाही. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या टेंडरला ते धरून चालू नका, तिथे महाटेंडर्सवरच्या (राज्य सरकारचं टेंडर पोर्टल) त्या त्या टेंडरची ईएमडीची अट वाचा.

एजंटला काम दिलंच, तर उद्यममध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाकायला सांगा. त्याचा नंबर बसला की पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्या ओटीपीवर, आणि प्रत्येक ओटीपीचं वेगळं बिल.