सात ते आठ

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. संस्था काढू की कंपनी, नफा किती ठेवू, खोक्यावर स्वतःची कहाणी छापू का, कामावर सगळे व्यसनातून उठलेलेच घेऊ का. चार पानं नुसते प्रश्न, आणि दारू सोडलेल्यांच्या आपल्या मीटिंगला जातेस की नाही याचा त्यात उल्लेखही नाही! दारू सोडून अकरा महिने झाले ना तुला?

संस्था की कंपनी हे कुठलाही हिशेबनीस अर्ध्या तासात सांगेल. मला एकच कळतं. सात ते आठ हा मीटिंगचा तास विकायचा नाही. गिऱ्हाइकाला नाही, पैसे गुंतवणाऱ्याला नाही. समाजकार्याला तर मुळीच नाही, कारण तिथे नाही म्हणायची लाज वाटते.

मी विकला. कामावर सात जण, सगळे आपल्यातलेच. त्यांच्या पोटासाठी राबतोय म्हटल्यावर मीटिंगला दांडी मारणंही पुण्यच वाटायचं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांना जपा, हे आपल्याला सुरुवातीलाच शिकवतात. नवा धंदा काढलेल्या माणसाला संध्याकाळी सहाला हे चारही एकदम गाठतात. तरी धंदा तोट्यात असताना मी घसरलो नाही. तिसऱ्या वर्षी सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली, त्या रात्री घसरलो, पुन्हा प्यायलो.

आपल्या या मीटिंगा, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, ज्याने सुरू केल्या त्या बिल विल्सनची गोष्ट तू ऐकली असशील. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये त्याचा धंद्यातला डाव फसला. हॉटेलात एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. बोलायला दुसरा दारुडा हवा म्हणून त्याने फोन फिरवला आणि डॉक्टर बॉब भेटले. इथवर सगळेच सांगतात. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पैशांची ओढाताण असताना, तो जिथे बरा झाला त्याच रुग्णालयाने त्याला पगारी काम देऊ केलं. त्याला ते हवं होतं. गटातले नको म्हणाले, आणि त्याने ऐकलं.

म्हणून खोक्यावर कहाणी नको. कहाणीवर माल खपायला लागला की घसरण लपवावी लागते. मग मीटिंगमध्येही तू खोटं बोलशील. माल चांगला कर, तेवढं बास.

सगळे आपल्यातलेच घेऊ नकोस, निम्मे घे. हिशेब बाहेरच्या माणसाकडे दे. पगाराची रोकड कुणाच्या हातात ठेवू नकोस. आणि कुणी पिऊन आलं तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरव. मी ठरवलं नव्हतं. एक पोरगा तसा आला आणि मी त्याला उभ्या उभ्या काढला. लोक अजून मला दगड म्हणतात. म्हणोत. यंत्रावर त्याचा हात गेला असता तर? उरलेल्या सहा जणांनी काय पाहिलं असतं? काढला ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण त्या संध्याकाळी त्याला सोबत घेऊन मीटिंगला जायला हवं होतं. गेलो नाही. माल पाठवायचा होता.

तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, म्हणून जास्त काळजी वाटते. हुशार माणसाला दांडीची कारणंही चांगली सुचतात.

मंगळवारी फोन कर, आकडे घेऊन बसू. सातच्या आत कर, नाहीतर आठनंतर.