पोफळींच्या ओळी, अणूंच्या ओळी

फोंड्याचा विद्यार्थी: ॲटम प्रोब या अणू एकेक सोडवून मोजणाऱ्या यंत्रात बरेच अणू हाती लागत नाहीत म्हणतात. मग धातूची स्फटिकरचना दिसते कशी?

सावईवेऱ्याच्या एखाद्या कुळागरात जा. ओळीने लावलेल्या पोफळींपैकी निम्म्या वादळात पडल्या, तरी नेमक्या कोनातून पाहिलं की ओळी दिसतातच. दोन ओळींतलं अंतरही मोजता येतं.

इथे धातूच्या सुईचं टोक जेमतेम 100 नॅनोमीटरचं. ते उणे 220 अंशांच्या आसपास थंड करून काही हजार व्होल्ट लावायचे, वर व्होल्टेजचा किंवा लेझरचा ठोका द्यायचा. अणू आयन (विद्युतभारित अणू) होऊन एकेक सुटतात. डिटेक्टरवर पोचायला लागलेल्या वेळेवरून मूलद्रव्य कळतं, आदळल्या ठिकाणावरून जागा. नोंद होते यंत्रागणिक साधारण 35 ते 80 टक्के अणूंची. शिवाय सुटताना अणू किंचित बाजूला सरकतो, म्हणून आडवी जागा धूसर येते. खोलीची मात्र चांगली येते, विशेषतः ध्रुवांजवळ, म्हणजे आघातांच्या नकाशात गोल खुणा दिसतात तिथे. तिथला बारीक दंडगोल घेऊन अणू-अणूंमधल्या खोलीच्या अंतरांचा आलेख काढा. ॲल्युमिनियममध्ये (111) ध्रुवाशी (हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या दिशेचं नाव) 0.234 नॅनोमीटरवर शिखर यायला हवं.

मडगावची संशोधक: माझं शिखर अगदी पुस्तकातल्या आकड्यावर आलं. रचना सिद्ध झाली ना?

थांबा. नोंदींवरून अणूंच्या जागा पुन्हा मांडताना लागणारी मोजपट्टी तुम्ही त्याच अंतरावरून जुळवली असेल, तर तोच आकडा येणार. वस्तू आपणच लपवायची आणि आपणच शोधायची, तसं हे. दुसरा ध्रुव तपासा. (002) पाशी 0.202 मिळतं का? दोन्ही दिशांमधला कोन 54.7 अंशांच्या जवळ आहे का? हे जुळलं तर बोलू.

वास्कोचे वाचक, जहाजदुरुस्तीत काम: साखरेत स्फटिक असतात ते ठीक, धातूत कुठे?

पावसाळ्याआधी छपरावर घालता त्या नव्या जस्ती पत्र्यावरची चकाकती नक्षी पाहिलीत? ते जस्ताचे स्फटिकच.

डिचोलीहून: हे यंत्र भारतात आहे का?

आयआयटी मद्रासमध्ये राष्ट्रीय सुविधा आहे, दुरूनही वापरता येते. आणि या यंत्राच्या पूर्वजाशी, फील्ड आयन सूक्ष्मदर्शकाशी, आपलं जुनं नातं आहे. 11 ऑक्टोबर 1955 रोजी अमेरिकेत एर्विन म्युलर यांच्यासोबत टंगस्टनचे सुटे अणू पहिल्यांदा पाहिले ते त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

साध्या धातूची सुई इलेक्ट्रोपॉलिशिंगने (द्रावणात वीज सोडून धातू झिजवत) कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तासता येते. फक्त टोक कुठे टेकू देऊ नका, टेकलं की पुन्हा पहिल्यापासून.