आई दारू पीत नाही, तरी स्वादुपिंडाला सूज कशी आली?

तुम्ही लिहिलंय की आई 52 वर्षांची, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. दोन दिवस ॲसिडिटीच्या सुया झाल्या, आता यवतमाळला भरती आहे, रक्तात लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य) 2400 आलं आणि नातेवाईक दारूवरून कुजबुजतायत.

ती कुजबुज आधी थांबवा. या आजाराची दोन मोठी कारणं आहेत, पित्ताशयातले खडे आणि दारू. बायकांत बहुतेकदा खडेच निघतात. ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक खडा जास्त घातक, कारण तो पित्तनळीत घसरतो आणि स्वादुपिंडाची नळी जिथं येऊन मिळते तिथं अडकतो. पाचक रस आतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवायला लागतात. म्हणून बेंबीच्या वरचं दुखणं थेट पाठीत जातं, पुढं वाकून बसलं की जरा सैल पडतं.

सोनोग्राफीत खडा दिसला नाही म्हणून विषय संपत नाही. सुजेमुळे पोटात गॅस भरलेला असतो, बारीक खडे निसटतात. सूज उतरल्यावर पुन्हा करून घ्या. पहिल्या दोन दिवसांत एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) 150 च्या वर असेल तर संशय खड्यावरच. खड्यांशिवायची कारणंही शोधायला हवीत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र पहिल्याच दिवशीच्या रक्तात बघायला हवं, उपाशीपोटी ते झपाट्यानं उतरतं. 1000 च्या वर गेलेलं असलं की तपासणीच्या काचनळीतलं रक्त स्थिरावल्यावर वरचा थर दुधासारखा दिसतो. कॅल्शियम आणि चालू गोळ्याही तपासायला सांगा. कपाशीवर फवारणी केली असेल तर तेही सांगाच. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही स्वादुपिंड सुजतं.

2400 चा आकडा बघून घाबरू नका. लायपेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढं गेलं की निदानाला आधार मिळतो, आजार किती गंभीर ते त्यावरून कळत नाही. त्याचा एक अंदाज लघवीवरून येतो. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली, म्हणजे सहा तासांत पिशवीत 180 मिली तरी जमायला हवी. कमी पडली, श्वास जोरात चालला किंवा आई गुंगीत वाटली तर लगेच सिस्टरला उठवा. पण ‘सलाइन जोरात सोडा’ असा हट्ट धरू नका, जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरतं.

खडे निघाले आणि आजार सौम्य असला तर पित्ताशय याच भरतीत काढता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘सोयाबीन निघाल्यावर बघू’ म्हणून घरी नेलेला पेशंट पुष्कळदा त्याआधीच परत भरती होतो.